मुकुट, भूछत्र आणि अणुभट्टी

(पॉडकास्टच्या भागाचं लिखित रूप. बोलण्याचा बाज तसाच ठेवला आहे, फक्त "म्हणजे" आणि "ॲक्च्युअली" थोडे कमी केलेत.)

आजचा विषय ऐकून तुम्हाला वाटेल की मी दोन वेगवेगळ्या भागांच्या नोट्स एकत्र केल्यात. एका बाजूला सौंदर्यस्पर्धा, दुसऱ्या बाजूला अणुऊर्जा. पण या दोघींचं नातं जुनं आहे, सत्तर वर्षांहून जुनं. आणि ते नीट पाहिलं तर एक प्रश्न समोर येतो, जो आपल्याकडेही अधूनमधून डोकं वर काढतो. एखादं अवघड, भीतीदायक तंत्रज्ञान लोकांच्या गळी उतरवायचं असेल, तर पुढे कोणाला उभं करतात? आणि तो चेहरा पाहून आपण नक्की कशावर विश्वास ठेवतो?

सुरुवात अलीकडच्या तारखेपासून करू. १५ डिसेंबर २०२२. अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यात मोहेगन सन नावाचं मोठं कसिनो-रिसॉर्ट आहे, तिथे 'मिस अमेरिका २०२३' ची अंतिम फेरी झाली. जिंकली विस्कॉन्सिन राज्याची ग्रेस स्टँकी. वय वीस. वॉसॉ नावाच्या छोट्या शहरातली मुलगी. कलागुणांच्या फेरीत तिने व्हायोलिन वाजवलं. इथपर्यंत सगळं नेहमीचंच. पण ही मुलगी विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या मॅडिसन कॅम्पसमध्ये न्यूक्लिअर इंजिनिअरिंग शिकत होती. स्पर्धेत प्रत्येकीला एक सामाजिक विषय घ्यावा लागतो. बालशिक्षण, मानसिक आरोग्य, रक्तदान असे विषय असतात. हिने घेतला स्वच्छ ऊर्जेचा, आणि त्यात मुख्य भर अणुऊर्जेवर. बक्षीस म्हणून ५०,००० डॉलरची शिष्यवृत्ती मिळाली आणि पुढचं वर्षभर ती शाळांमध्ये, कार्यक्रमांमध्ये, कॅमेऱ्यांसमोर एकच गोष्ट सांगत फिरली: अणुभट्टीला घाबरू नका, आधी समजून घ्या.

आता ही बातमी आली तेव्हा दोन प्रकारच्या प्रतिक्रिया होत्या. एक, "वा, इंजिनिअर मुलगी जिंकली." दुसरी, "अणुकंपन्यांना फुकटात मॉडेल मिळाली." दोन्ही प्रतिक्रिया अर्ध्या वाटेवर थांबतात असं मला वाटतं. का, ते समजायला मागे जावं लागेल. आधी मुकुटाचा इतिहास, मग अणूचा.

मुकुटाच्या हातात माईक कसा आला

मिस अमेरिका सुरू झाली १९२१ मध्ये, अटलांटिक सिटीत. कारण अगदी व्यापारी होतं. सप्टेंबरचा पहिला सोमवार झाला की उन्हाळी पर्यटक घरी परत जायचे. हॉटेलवाल्यांना वाटलं, अजून थोडे दिवस लोक थांबले पाहिजेत. म्हणून समुद्रकिनाऱ्यावर मुलींची स्पर्धा. पहिली विजेती मार्गारेट गॉर्मन, वय सोळा. तेव्हा तिने काही बोलावं अशी कोणाची अपेक्षाच नव्हती.

मग एकेक थर चढत गेला. तीसच्या दशकात कलागुणांची फेरी आली. १९४५ मध्ये शिष्यवृत्ती सुरू झाली आणि ती पहिल्यांदा मिळाली बेस मायरसनला, न्यूयॉर्कची ज्यू मुलगी, पियानो वाजवणारी. महायुद्ध नुकतंच संपलं होतं, तरी तिला आडनाव बदलायचा सल्ला देण्यात आला होता. तिने नकार दिला. विजेती झाल्यावर काही प्रायोजकांना ती नको होती. तिने द्वेषाविरुद्ध भाषणं देत आपलं वर्ष घालवलं. म्हणजे स्पर्धेने तिला पूर्ण मंच दिला नाही, तर तिने स्वतःचा शोधला.

बाकी इतिहास काही गुळगुळीत नाही. अनेक वर्षं नियमात लिहिलेलं होतं की स्पर्धक गोरीच हवी. पहिली कृष्णवर्णीय स्पर्धक १९७० मध्ये आली आणि पहिली कृष्णवर्णीय विजेती, व्हनेसा विल्यम्स, १९८३ मध्ये. त्याआधी सप्टेंबर १९६८ मध्ये स्त्रीवादी कार्यकर्त्यांनी अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर निदर्शनं केली, एका कचऱ्याच्या पिंपात उंच टाचांचे बूट, खोट्या पापण्या, अंतर्वस्त्रं टाकली. "ब्रा जाळल्या" ही दंतकथा तिथूनच निघाली. खरं म्हणजे तिथे काही जाळलं नव्हतं.

त्या टीकेचा परिणाम हळूहळू झाला. १९८९ पासून प्रत्येक स्पर्धकाला सामाजिक विषय घेणं सक्तीचं झालं. २०१८ मध्ये स्विमसूटची फेरी बंद झाली. मिस अमेरिका २०२० ठरलेल्या कमिल श्रायरने कलागुणांच्या फेरीत चक्क रसायनशास्त्राचा प्रयोग केला, मंचावर फेसाचे फवारे उडवले. म्हणजे स्टँकी आकाशातून पडली नाही. तिच्याआधी शंभर वर्षं या स्पर्धेवर टीका करणाऱ्यांनी आणि तिच्यात भाग घेणाऱ्यांनी, दोघांनी मिळून तो माईक ओढून आणला होता.

हे लक्षात ठेवा. आता दुसरा धागा.

कापसाचा ढग

२७ जानेवारी १९५१. लास व्हेगासपासून साधारण १०० किलोमीटरवर, नेवाडाच्या वाळवंटात, अमेरिकेने अणुबॉम्बच्या चाचण्या सुरू केल्या. पुढच्या अकरा-बारा वर्षांत तिथे जमिनीच्या वर सुमारे शंभर स्फोट झाले. पहाटेचा लखलखाट लास व्हेगासमधून दिसायचा. घाबरून जायच्या ऐवजी त्या शहराने काय केलं? धंदा केला. हॉटेलांच्या गच्चीवर रात्रभर पार्ट्या चालायच्या, पहाटे स्फोट बघून लोक झोपायला जायचे. 'ॲटॉमिक कॉकटेल' मिळायचं. आणि अर्थातच सुंदर मुलींचे फोटो निघायचे.

या मुलींना पदव्याही मिळाल्या. एक 'मिस ॲटॉमिक ब्लास्ट', एक 'मिस ए-बॉम्ब'. १९५५ मध्ये 'ऑपरेशन क्यू' नावाची चाचणी वाऱ्यामुळे वारंवार पुढे ढकलली गेली, तेव्हा कोटी करून एकीला 'मिस-क्यू' असा मुकुट घातला. खऱ्या अर्थाने ही स्पर्धा कधी झालीच नाही. ना परीक्षक, ना प्रश्न, ना शिष्यवृत्ती. प्रसिद्धीसाठी फोटो हवा होता, तेवढाच.

सगळ्यात गाजला तो १९५७ चा फोटो. लास व्हेगासच्या प्रसिद्धी विभागाचे छायाचित्रकार डॉन इंग्लिश यांनी काढलेला. सँड्स हॉटेलमधली नर्तकी ली मर्लिन वाळवंटात उभी आहे, दोन्ही हात आकाशाकडे, तोंडभर हसू, आणि स्विमसूटवर पुढच्या बाजूला कापसाचा मोठा ढग चिकटवलेला. भूछत्राच्या आकाराचा. हा फोटो तुम्ही कुठेतरी पाहिला असेलच, टी-शर्टवर, पोस्टरवर, अल्बमच्या कव्हरवर.

आता गंमत बघा. जगभर पसरलेल्या या फोटोतल्या बाईचं खरं नाव कोणालाच माहीत नव्हतं. ली मर्लिन हे रंगमंचावरचं नाव होतं. रॉबर्ट फ्रीड्रिक्स नावाचे एक निवृत्त अणुशास्त्रज्ञ आणि इतिहासप्रेमी दोन दशकांहून जास्त काळ शोध घेत राहिले, आणि आत्ता कुठे उत्तर समोर आलं: ॲना ली महोनी. न्यूयॉर्कमध्ये बॅले शिकलेली. नाच सोडल्यावर तिने तीसेक वर्षं मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात समुपदेशक म्हणून काम केलं. २००१ मध्ये ती गेली.

म्हणजे अणूच्या सगळ्यात प्रसिद्ध चेहऱ्याला साठहून जास्त वर्षं नावही नव्हतं. तिला बॉम्बबद्दल काय वाटतं हे कोणी विचारल्याचं दिसत नाही. तिचं काम होतं हसणं.

फ्रेमच्या बाहेर

फोटोत काय आहे याइतकंच महत्त्वाचं आहे फोटोत काय नाही ते. वारा लास व्हेगासच्या दिशेला असला की चाचणी पुढे ढकलायचे. वारा पूर्वेकडे, युटा राज्याकडे असला की बटण दाबायचे. तिकडे लोकवस्ती कमी होती ना, म्हणून. १९ मे १९५३ ला 'हॅरी' नावाचा स्फोट झाला आणि त्याची किरणोत्सारी धूळ युटातल्या सेंट जॉर्ज गावावर येऊन पडली. लोकांनी नंतर त्या स्फोटाचं नावच 'डर्टी हॅरी' ठेवलं.

त्याच वसंत ऋतूत त्या भागात हजारो मेंढ्या मेल्या. मेंढपाळांनी सरकारवर खटला भरला. अणुऊर्जा आयोगाचं म्हणणं, किरणोत्सर्गाचा काही संबंध नाही. १९५६ मध्ये मेंढपाळ हरले. १९८२ मध्ये, जुनी कागदपत्रं बाहेर आल्यावर, त्याच न्यायाधीशांनी, शर्मन क्रिस्टेन्सन यांनी, सांगितलं की सरकारने तेव्हा न्यायालयाची फसवणूक केली होती. विचार करा, २६ वर्षांनी स्वतःचाच निकाल उलटवणारा न्यायाधीश. पण वरच्या न्यायालयाने तो नवा निकाल टिकू दिला नाही. शेवटी १९९० मध्ये संसदेने कायदा केला आणि वाऱ्याच्या वाटेत राहणाऱ्या, ठराविक कर्करोग झालेल्या माणसांना ५०,००० डॉलर भरपाई ठरली.

आकडा ओळखीचा वाटला? स्टँकीला मिळालेल्या शिष्यवृत्तीइतकाच. योगायोग आहे, त्यात काही गूढ शोधू नका. पण दोन्ही रकमा शेजारी ठेवल्या की मला अणूचा अख्खा इतिहास त्यात दिसतो.

इथे एक फरक स्पष्ट करायला हवा, नाहीतर मीच गोंधळ वाढवेन. बॉम्ब आणि वीज देणारी अणुभट्टी या वेगळ्या गोष्टी आहेत. भट्टीतलं इंधन इतकं विरळ असतं की तिचा बॉम्बसारखा स्फोट होऊच शकत नाही. पण लोकांच्या मनात ही दोन खाती वेगळी नव्हती, आणि त्याला लोक जबाबदार नव्हते. अमेरिकेत दोन्हीचा कारभार बराच काळ एकाच अणुऊर्जा आयोगाकडे होता. मेंढपाळांना "काही संबंध नाही" म्हणणारी संस्थाच पुढे "भट्टी सुरक्षित आहे" म्हणत होती. एका खात्यात गमावलेली पत दुसऱ्या खात्यातूनही वजा झाली.

शांततेसाठी अणू, आणि तारापूर

८ डिसेंबर १९५३ ला राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी संयुक्त राष्ट्रांत 'शांततेसाठी अणू' हे भाषण केलं. अणूची प्रतिमा बदलायची मोहीम तिथून सुरू झाली. सप्टेंबर १९५४ मध्ये आयोगाचे अध्यक्ष लुईस स्ट्रॉस म्हणाले की पुढच्या पिढीला वीज इतकी स्वस्त मिळेल की मीटर लावायचीही गरज उरणार नाही. त्याच महिन्यात मिस अमेरिका स्पर्धा पहिल्यांदा टीव्हीवर दिसली, २ कोटी ७० लाख लोकांनी ती पाहिली. १९५७ मध्ये डिस्नेने अणू आपला मित्र आहे असं सांगणारा माहितीपट काढला. ली मर्लिनचा फोटोही त्याच वर्षीचा. एकाच वर्षी अणू मुलांचा मित्र होता आणि कापसाचा ढगही.

या मोहिमेचा एक धागा थेट आपल्या किनाऱ्यावर येतो. १९५५ मध्ये जिनिव्हाला अणूच्या शांततापूर्ण वापरावरची पहिली मोठी आंतरराष्ट्रीय परिषद झाली, अध्यक्ष होते आपले होमी भाभा. १९६३ मध्ये भारत-अमेरिका करार झाला आणि जनरल इलेक्ट्रिकच्या दोन भट्ट्या तारापूरला उभ्या राहिल्या. १९६९ पासून तिथून वीज मिळू लागली. म्हणजे महाराष्ट्रात अणूची वीज आली ती याच अमेरिकन आश्वासनाच्या लाटेवर. मीटर मात्र लागलेच.

१९७९: बाजू बदलली, पद्धत तीच

आता १९७९ कडे येऊ. १६ मार्चला 'द चायना सिंड्रोम' हा सिनेमा प्रदर्शित झाला. नायिका जेन फोंडा. भूमिका टीव्ही पत्रकाराची, जिला दिसायला छान म्हणून हलक्याफुलक्या बातम्याच दिल्या जातात. ती एका अणुप्रकल्पावर असाच साधा रिपोर्ट करायला जाते आणि तिच्यासमोर अपघात होता होता वाचतो. उद्योगाने सिनेमाला अतिरंजित म्हटलं. बारा दिवसांनी, २८ मार्चच्या पहाटे चारच्या सुमारास, पेनसिल्व्हेनियात थ्री माइल आयलंडच्या दुसऱ्या भट्टीत बिघाड झाला. एक झडप उघडी अडकली, थंड करणारं पाणी निघून गेलं, आणि कंट्रोल रूममधल्या दिव्यांवरून ऑपरेटरना वाटत राहिलं की झडप बंद आहे. भट्टीचा गाभा अंशतः वितळला.

सॉफ्टवेअरवाल्यांना हे नीट कळेल. तो दिवा झडपेची खरी स्थिती दाखवत नव्हता. झडपेला "बंद हो" हा आदेश गेलाय, एवढंच दाखवत होता. लॉगमध्ये 'रिक्वेस्ट सेंट' दिसतंय म्हणून काम झालं असं समजण्यासारखं. प्रॉडक्शनवर रात्री तीनला जागलेल्या प्रत्येकाला हा बग ओळखीचा आहे.

किरणोत्सर्ग बाहेर थोडाच गेला. पण लोकांच्या डोक्यात सिनेमा आणि बातमी एक झाली. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कला अणुऊर्जेविरुद्ध सभा झाली, सुमारे दोन लाख माणसं. मंचावर फोंडाही होती. दुसऱ्या बाजूला होते एडवर्ड टेलर, हायड्रोजन बॉम्बचे जनक म्हणून ओळखले जाणारे. वॉल स्ट्रीट जर्नलमध्ये त्यांच्या नावाने मोठी जाहिरात आली. मथळ्याचा आशय असा की थ्री माइल आयलंडचा एकमेव बळी मीच. अपघातानंतर फोंडा वगैरेंना उत्तरं देता देता त्यांना हृदयविकाराचा झटका आला होता, त्याचा हा संदर्भ. खाली जाहिरात देणाऱ्या कंपनीचं नाव होतं आणि ती कंपनी अणुप्रकल्पाला लागणारी यंत्रसामग्री बनवायची.

एकीकडे सिनेतारका, दुसरीकडे एकाहत्तर वर्षांचे शास्त्रज्ञ. कोणाचा चेहरा जिंकला हे सांगायची गरज नाही. फोंडाने उपस्थित केलेले प्रश्न खोटे होते असं मी म्हणत नाही. पण लोकांनी भट्टीबद्दलचं मत पुन्हा एकदा चित्रावरून बनवलं. १९५७ मध्ये चित्र बॉम्बच्या बाजूने होतं, १९७९ मध्ये भट्टीच्या विरोधात. चित्राची ताकद दोन्हीकडे तीच.

मग स्टँकी कुठून आली

पुढची चाळीस वर्षं अणुऊर्जेसाठी उताराची होती. १९८६ ला चेर्नोबिल, २०११ ला फुकुशिमा. स्टँकीच्या विस्कॉन्सिनमध्ये १९८३ च्या कायद्याने नवीन अणुप्रकल्पांवर जवळपास बंदीच होती, ती २०१६ मध्ये उठली. त्याच राज्यातला केवॉनी प्रकल्प २०१३ मध्ये बंद पडला. कारण अपघात नव्हतं, आंदोलन नव्हतं. नैसर्गिक वायू स्वस्त झाला आणि गणित जमेना.

पण दरम्यान हवामानबदलाचा प्रश्न मोठा झाला. अमेरिकेच्या विजेत अणूचा वाटा साधारण १९ टक्के, आणि कार्बन न सोडणाऱ्या विजेत जवळपास निम्मा. चालू भट्टी बंद केली की तिची जागा बऱ्याचदा वायू घेतो. कोळशाशी तुलना केली तर प्रति युनिट मृत्यू अणूत कितीतरी कमी आहेत, कारण कोळशाचा धूर रोज, शांतपणे मारतो आणि त्याचा सिनेमा निघत नाही. ही आकडेवारी तज्ज्ञांना ठाऊक होती. ती सांगणारं कोणी नव्हतं, किंवा सांगणारा सूट घातलेला कंपनीचा माणूस होता.

ती जागा नव्या लोकांनी भरली. इसाबेल बोमेके ही ब्राझीलची मॉडेल समाजमाध्यमांवर अणुऊर्जेचे व्हिडिओ करू लागली, कॅलिफोर्नियातला डायब्लो कॅनियन प्रकल्प वाचवायच्या मोहिमेत उतरली. २०२२ मध्ये कॅलिफोर्नियाने तो प्रकल्प २०३० पर्यंत चालू ठेवायचा निर्णय घेतला. आणि त्याच वर्षाच्या शेवटी स्टँकीला मुकुट मिळाला.

तिच्या बोलण्यात एक गोष्ट वारंवार यायची. तिच्या वडिलांना दोनदा कर्करोग झाला आणि दोन्ही वेळा ते वाचले, त्यात अणुवैद्यकाचा वाटा होता. ही गोष्ट भावनिक आहे, पण तिच्यामागे विज्ञान आहे. रुग्णालयांत तपासणीसाठी सर्वाधिक वापरलं जाणारं किरणोत्सारी द्रव्य, टेक्निशियम-९९एम, ज्या मॉलिब्डेनमपासून मिळतं ते मुख्यतः अणुभट्ट्यांमध्येच तयार होतं. तरी एवढं म्हणेन: रुग्णालयातला उपयोग सिद्ध झाला म्हणून गावाशेजारचा १००० मेगावॉटचा प्रकल्प आपोआप सिद्ध होत नाही. ते दोन वेगळे युक्तिवाद आहेत.

आता अवघड प्रश्न

मुकुटाचं वर्ष संपल्यावर स्टँकी कॉन्स्टेलेशन या कंपनीत न्यूक्लिअर इंजिनिअर म्हणून रुजू झाली. अमेरिकेत सर्वात जास्त अणुभट्ट्या चालवणारी कंपनी. आणि सप्टेंबर २०२४ मध्ये याच कंपनीने जाहीर केलं की थ्री माइल आयलंडची पहिली भट्टी, जी १९७९ च्या अपघातातली नव्हे तर तिची शेजारीण, आणि जी २०१९ मध्ये परवडत नाही म्हणून बंद केली होती, ती पुन्हा सुरू करणार. ८३५ मेगावॉट. वीज घेणार मायक्रोसॉफ्ट, वीस वर्षांचा करार, डेटा सेंटरच्या गरजेसाठी. जागेचं नावही बदललं.

हे ऐकून मला थोडं अवघडायला होतं, कारण यात माझा धंदा थेट आहे. आपण लिहिलेला कोड कुठेतरी चालतो आणि त्याला वीज लागते. त्यामुळे "अणुऊर्जा कोणाला हवी आहे" या प्रश्नाच्या उत्तरात आता आपणही आलो.

मग स्टँकी कंपनीची प्रवक्ती ठरते का? तिने शिक्षणच त्या विषयाचं घेतलं होतं, नोकरी त्याच क्षेत्रात मिळणार हे उघड होतं, आणि तिने ते लपवलं नाही. रेल्वेत काम करणारा माणूस रेल्वेबद्दल बोलला तर आपण त्याला खोटा म्हणत नाही. पण ऐकताना तो कुठे नोकरी करतो हे मनात ठेवतो. इथेही तेवढंच करायचं.

खरे अवघड प्रश्न तिच्या पगाराचे नाहीत. पहिला पैशाचा. जॉर्जिया राज्यातल्या व्होग्टल प्रकल्पाच्या दोन नव्या भट्ट्या २०२३ आणि २०२४ मध्ये सुरू झाल्या, सुमारे सात वर्षं उशिरा. अंदाज १४ अब्ज डॉलरचा होता, खर्च ३० अब्जांच्या वर गेला. स्ट्रॉसच्या बिनमीटरच्या विजेपासून हे अंतर फार मोठं आहे.

दुसरा प्रश्न कचऱ्याचा. अमेरिकेत ९०,००० टनांहून जास्त वापरलेलं इंधन साठलंय, आणि ते अजून प्रकल्पांच्या आवारातच आहे. सरकारने १९९८ पासून ते ताब्यात घ्यायचं कबूल केलं होतं, घेतलं नाही, आणि आता वीज कंपन्यांना अब्जावधींची भरपाई देतंय. कायमची जागा म्हणून १९८७ मध्ये संसदेने एकच ठिकाण निवडलं: युक्का माउंटन. कुठे आहे? नेवाडात. चाचण्यांच्या त्याच मैदानाला लागून. नेवाडाने जीव तोडून विरोध केला, आणि शेवटी त्या कामाचा निधीच थांबला.

अभियंते सांगतात की डोंगराच्या पोटात इंधन सुरक्षित ठेवता येईल. त्यांचं भूशास्त्र बरोबरही असेल. पण नेवाडाच्या, युटाच्या लोकांना "काही संबंध नाही, काळजी करू नका" हे वाक्य आधी एकदा ऐकवलं गेलंय. त्यांनी दुसऱ्यांदा ऐकायला नकार दिला तर त्याला अडाणीपणा कसं म्हणायचं?

तर मग

१९५७ आणि २०२२ या दोन चित्रांत फरक खूप मोठा आहे आणि तो मी कमी लेखणार नाही. पहिल्या मुलीला नाव नव्हतं. दुसरीला नाव आहे, पदवी आहे, आणि समोरच्याने उलट प्रश्न विचारला तर उत्तर द्यायची तयारी आहे. एका वीस वर्षांच्या मुलीने मुकुट डोक्यावर ठेवून शाळेतल्या पोरींना विखंडन समजावलं, हे मला मनापासून आवडतं. आमच्या बीटेकच्या वर्गात मुली किती होत्या ते आठवलं की जास्तच आवडतं.

पण चेहरा दार उघडून देतो, पुढचं काम दुसऱ्यांचं असतं. आणि प्रत्येक दारामागचा प्रश्न वेगळा असतो. सेंट जॉर्जचा प्रश्न होता: वारा आमच्याकडे असतानाच का? नेवाडाचा: वीज तुमची आणि कचरा आमचा का? आपल्याकडे जैतापूरच्या परिसरात, साखरीनाट्याच्या मच्छीमारांचा प्रश्न होता: प्रकल्पातून गरम पाणी समुद्रात सोडलंत तर मासळीचं काय? एप्रिल २०११ मध्ये तिथल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात एक माणूस गेला. त्या मच्छीमारांना "अणुऊर्जा स्वच्छ असते" हे उत्तर देणं म्हणजे उत्तर न देणंच. त्यांनी विचारलं होतं पाण्याबद्दल आणि माशांबद्दल.

मी स्वतः अणुऊर्जेच्या बाजूने झुकलेला आहे, हे तुम्ही ओळखलंच असेल. चालू भट्ट्या बंद करणं मला चुकीचं वाटतं. पण थ्री माइल आयलंडचा तो दिवा मी विसरू शकत नाही. आदेश गेलाय हे तो दाखवत होता, झडप बंद झाली का हे नाही. लोकांना समजावून सांगण्याच्या सगळ्या मोहिमांचं मला तेच वाटतं. आपण सांगितलं, याची नोंद होते. समोरच्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालं का, हे त्याच्याकडे जाऊनच बघावं लागतं.

आजच्या भागात इतकंच. तारापूर किंवा जैतापूर परिसरातलं कोणी ऐकत असेल तर तुमचे अनुभव जरूर पाठवा, त्यावर एक वेगळा भाग करायचा विचार आहे. भेटू पुढच्या वेळी. काळजी घ्या.